बाबांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते

दादा,

तू गेल्यापासून जो तो मला सांगतो, ‘शकुन, रडून घे, मोकळी हो.’ मी रडत नाही म्हणून बायकांना माझी काळजी वाटते. त्यांना कसं सांगू, की मला रडू येतच नाही, मला तुझा राग येतो. सकाळी शिलाई मशीनवर बसले की येतो, पोळ्या लाटताना येतो आणि कोणी तुझं नाव प्रेमाने घेतलं की सगळ्यात जास्त येतो. “देवाजीसारखा भाऊ भेटाले नशीब लागते,” असं परवा शेजारची काकू म्हणाली आणि मी हातातली कात्री टेबलावर इतक्या जोरात आपटली, की ती बिचारी चहा न घेताच निघून गेली.

जिवंत असतास तरी तू मला भांडू दिलं नसतंसच. मी आवाज चढवला की तू जाळं खांद्यावर टाकून तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचास आणि संध्याकाळी मासे घेऊन परत यायचास, जणू काही झालंच नाही. वर पुन्हा विचारायचास, “का झालं बाई, आज भाजी काहून नाई मांडली?” आता तुला उठून जायला पाळ नाही. आता पूर्ण ऐकावं लागेल.

त्या सकाळी तू दिघोरीहून मासे घेऊन निघालास. गाडीच्या मागे माशांचा डबा बांधलेला होता. साकोलीत आल्यावर आधी माझ्या दुकानी येऊन माझ्या वाट्याचे मासे द्यायचे आणि मग बाजारात बसायचं, हा तुझा नेम. मी पातेलं धुऊन ठेवलं होतं. तू आलाच नाहीस. हायवे ओलांडताना उजव्या बाजूने पिकअप आली आणि ती तुला लागली. दुकान जवळ, म्हणून घरच्यांपैकी पहिली मीच पोचले. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

पण त्या पिकअपवाल्याबद्दल लिहिते. चांगला पिकल्या केसांचा माणूस होता. लोकांनी त्याला धरून ठेवलं होतं आणि तो डोक्याला हात लावून रस्त्याच्या कडेला बसला होता. “काकाजी सरळच पाहून राहिले होते,” तो पुन्हापुन्हा सांगत होता. “मी हॉर्न देऊन राहिलो, देऊन राहिलो, पन त्यायनं मान वळवलीच नाई. मले वाटलं थांबतीन.” मी त्याच्या अंगावर धावून गेले. मेल्या, खोटारड्या, काय नाही ते बोलले. मला ओढून बाजूला करावं लागलं. माझा दादा तलावाच्या पलीकडच्या काठावरचा बगळा कोणत्या जातीचा ते सांगतो आणि त्याला म्हणे पिकअप दिसली नाही!

सुतकातल्या एका दुपारी वहिनी आणि मी दोघीच घरात होतो. भेटायला आलेल्या बायका नुकत्याच गेल्या होत्या. पडवीच्या खांबाला तुझं अर्धवट विणलेलं जाळं तसंच बांधलेलं होतं, विणायची लाकडी सुई त्यातच लटकत होती. वहिनी बराच वेळ त्या जाळ्याकडे पाहत बसली होती. मग म्हणाली, “बाई, तो डायवर खोटं नाई बोलत.”

“म्हंजे?”

“यायले बाजूचं दिसतच नव्हतं.”

मला वाटलं, दुःखाने तिचं डोकं ठिकाणावर नाही. पण ती शांत होती. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तू तिला भंडाऱ्याला घेऊन गेला होतास, ते तर मला माहीत होतं. तिथे काय झालं ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तिची तपासणी चालू असताना तू बाकावरून उठलास आणि दारात ठेवलेल्या स्टुलावर धडकलास. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि तुलाही खुर्चीवर बसवलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. मधलं सगळं स्वच्छ दिसत होतं, कडा विझत आल्या होत्या. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज औषधाचे थेंब टाकले तर उरलेली वाचते, असं बाईंनी तुला समजावून सांगितलं.

“आनखी बोलल्या,” वहिनी खाली मान घालून म्हणाली. “हा रोग रक्तात चालते म्हने. भाऊबहीन, लेकरं, सगळ्यायचे डोरे तपासून घ्या. यायनं मले बसमध्येच शपथ घातली. आपल्या पोरीची सोयरीक चालू हाये, कोनाजवळ बोलशीन त माझं मेलेलं तोंड पाहशीन.”

तिने शपथ पाळली, दादा. आणि तुझं मेलेलं तोंडही पाहिलं.

थेंबांची बाटली तू काही दिवस वापरलीस म्हणे. मग डोळे चुरचुरतात म्हणून आणि वर्षाच्या सासरचे येतील-जातील, त्यांच्या नजरेला पडेल म्हणून बंद केलीस. वहिनी मागे लागली तर तिला सांगितलंस, “तुझावाला पिकल्यावर काढला ना? माझाही पिकू दे, मग काढू.” अरे, तो काय धान आहे पिकायला? मोतीबिंदू काढता येतो, हा काढता येत नाही, हे त्या बाईंनी तुला तोंडावर सांगितलं होतं. तुला कळलं नव्हतं असं मला कोणी सांगू नये. तुला न कळण्यात सोय होती.

आता माझं ऐक. वर्षाची सोयरीक ठरत होती त्याच हिवाळ्यात मी तुला काय म्हणाले होते, आठवतं? तू दुकानात बसला होतास. मी म्हटलं, “दादा, डोळ्याला काहीतरी होऊन राहिलं. डाव्या अंगानं गिऱ्हाईक आलं की मी दचकते. ते टेबलाजवळ येऊन उभं राहीपर्यंत समजतच नाही.” तू मासे ठेवलेस आणि बाजारात गेलास. परत आलास तो बाजारातल्या टोपलीवाल्याकडून एक चष्मा घेऊन आलास. तांबूस काड्यांचा. हसत हसत तो माझ्या नाकावर बसवलास, पेपर माझ्यासमोर धरलास आणि विचारलंस, “दिसते का?”

“दिसते,” मी म्हटलं.

“मंग? वय झालं बाई तुझं,” असं म्हणून तू टपली मारलीस. मी किती खूश झाले होते! माझ्या दादाने आपणहून चष्मा आणला म्हणून आल्यागेल्याला दाखवला.

तेव्हा तुला माहीत होतं, दादा. तुझ्या बहिणीचा डोळा तुझ्यासारखाच जाऊन राहिला, हे कळण्याइतकं तुला त्या बाईंनी नीट सांगितलं होतं. बसस्टँडवरून भंडाऱ्याची बस सुटते. तू मला हात धरून तिच्यात बसवायचं, एवढंच करायचं होतंस. तू टोपलीतला चष्मा आणलास. मी हे कुणाला माफ करायचं आणि कसं करायचं?

रागाच्या भरात मला बाबा आठवले. आपल्या ढिवरांच्या घरात डोळे तपासायची एकच रीत होती, जाळं. ज्याला जाळं विणता येतं त्याचे डोळे चांगले. बाबा म्हातारपणी भिंत धरून चालायचे, उंबऱ्याला ठेचकाळायचे, माणूस शेजारी येऊन बसला तरी त्यांना पत्ता नसायचा. आपण म्हणायचो, म्हातारपण. पण खाटेवर बसून ते शेवटच्या दिवसापर्यंत जाळं विणत होते आणि त्यांची एकही गाठ सैल पडत नव्हती. त्यांच्या तेरवीला सगळा गाव हेच बोलला, बुढ्याचे डोरे शेवटपर्यंत चांगले होते. आपणही मान डोलावली. मला आता त्या सगळ्या माना धरून हलवाव्याशा वाटतात.

कारण आपल्याला जाळं शिकवलं कसं होतं, आठव. बाबा आपल्या दोघांच्या डोळ्यांवर गमछा बांधायचे. बोटांना कळलं पाहिजे, डोळ्यांना नाही, असं म्हणायचे. एका हातात जाळ्याच्या घराचं माप धरायची पट्टी, दुसऱ्या हातात सुई, आणि आपली शर्यत लागायची. तू नेहमी जिंकायचास आणि मी गमछा काढून फेकून रडायचे. जे काम आपण डोळे बांधून शिकलो, ते करता येतं म्हणून डोळे शाबूत आहेत, असं साऱ्या घराने पिढ्यान्‌पिढ्या मानलं. आंधळ्यालाही जमेल अशी ती परीक्षा. बाबा पास झाले, तू पास झालास. मीही सुईत दोरा ओवत होते म्हणून पास होते, कारण दोरा समोरच असतो.

तुझी चिन्हं काय कमी होती? डोंगा घेऊन तू तलावात जायचास आणि लहानपणापासून माहीत असलेल्या खुंटावर आदळून यायचास. गेल्या भाऊबीजेला मी तुझ्या आवडीची भरली वांगी केली. ताटात उजवीकडे वाढली होती. तू वरणभात खाऊन उठायला लागलास. मी चिडले, “वांगं टाकून देतोस? वहिनीच्या हातचं बरं चालतं!” तू ताटाकडे मान वळवून पाहिलंस आणि हसलास. “शेवटी खायले ठेवलं होतं बाई, गोड लागते.” मग आख्खं वांगं एका घासात खाल्लंस, ठसका लागेपर्यंत. तेव्हा मी हसले. आता ते दृश्य आठवलं की मला ताट उचलून फेकावंसं वाटतं.

वहिनीने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला गेले. सुतक चालू होतं. आपले चुलतकाका अंगणात बसले होते, ते ओरडलेच. “भावाची राख थंडी नाई झाली, अना डोरे दाखवाले चालली! एवढी कायची घाई हाये?”

“त्यानं घाई केली नाही म्हणूनच राख झाली, काकाजी,” मी म्हटलं आणि निघाले. गावात माझं नाव खराब व्हायला तिथून सुरुवात झाली.

त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझी बहीण आहे म्हणून सांगितलं नाही, जीभच वळली नाही. हनुवटी टेकवायला एक चौकट असते, तिच्यावर टेकवली. डोळ्यावर हवेची फूक आली, तो डोळ्यातला दाब मोजायचा प्रकार. मग बाहुली मोठी करायचे थेंब. मग एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. आत बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, एकही सोडला नाही. बाहेर आल्यावर कळलं, डाव्या डोळ्याच्या बाजूला लागलेले बरेचसे मला दिसलेच नव्हते. लागले हेसुद्धा कळलं नव्हतं. कुठेही दुखलं नाही, दादा. तुला भीती वाटली असेल तर सांगते, ब्लाउजचं हुक लावताना बोटाला टोचतं त्याहून कमी.

“हा भाग गेला,” बाई म्हणाल्या. “तो परत आणता येणार नाही. उजवा डोळा बराच चांगला आहे. रोज औषध टाकलंत आणि मी सांगेन तेव्हा तपासायला आलात, तर आहे ते टिकवू.”

“आधी आले असते तर?”

“तर हाही राहिला असता.”

“पण मला त्रास काहीच नव्हता हो.”

“नसतोच,” त्या म्हणाल्या. “हा आजार शेवटपर्यंत हाक मारत नाही. म्हणून त्रास नसतानाच यायचं असतं. चाळिशीनंतर सगळ्यांनी दर वर्षी दाखवावं. घरात कुणाला असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नये. तुमच्या घरात कुणाला होता का?”

तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. त्यांना तू आठवलास. “ते पुन्हा आलेच नाहीत,” त्या म्हणाल्या. “कसे आहेत आता?”

काय उत्तर दिलं असेल मी, तूच सांग.

परतीच्या बसची वाट पाहत स्टँडवर बसले. बाहुल्या मोठ्या केलेल्या, त्यामुळे ऊन डोळ्यात घुसत होतं आणि पदर तोंडावर ओढून घ्यावा लागला. लोकांना वाटलं असेल, बाई रडते आहे. मी तुला शिव्या देत होते. आणि शिव्या देता देता मधेच नको ते आठवत होतं. तलावातले कोवळे शिंगाडे निघाले की पहिली ओंजळ तू माझ्यासाठी ठेवायचास, लग्न झाल्यावर ते सोलून, ओल्या फडक्यात बांधून साकोलीला आणायचास. पोहायला शिकवताना माझ्या पोटाखाली हात धरायचास आणि सोडलास तरी सांगायचास, धरला आहे, धरला आहे. लग्नात मशीन तूच दिलीस. “नवऱ्याशी भांडन झालं त स्वतःच्या पायावर उभी राहशीन,” असं मांडवात सगळ्यांसमोर म्हणालास आणि माझ्या सासूचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या मशीनवर मी आजवर पोट भरलं. असा तू. म्हणून तर राग आवरत नाही. कोणी परका असता तर मी एवढी कशाला जळले असते?

मग वर्षाचा विचार आला. तुझी एकुलती एक पोर. वरठीला संसार करते, शाळेत जाणारं पोरगं आहे. नवरा कारखान्यात जातो, बाजारहाट तीच करते आणि स्कूटीवरून भर रस्त्यातून फिरते. बाबा, तू, मी. पुढची ती.

तिला फोन केला तर तिने आधी मलाच धरलं. “आत्या, सासूबाईले समजलं त माझं काय होईन? बाबानं फसवून दिली म्हनतीन. तू काही बोलू नको.” मी म्हटलं, गुपचूप तरी चल. तर म्हणते, “दिसते मले चांगलं. सुईत दोरा ओवतो ना मी.” ऐकलंस? सुईत दोरा! बाबांपासून चालत आलेलं तुमचं ते प्रमाणपत्र. मी फोन ठेवून दिला.

तुझ्या तेरवीला सगळे आले. रक्ताची म्हणावीत ती सगळी माणसं एका मांडवाखाली. दिघोरीचे, लाखांदूरचे, चुलते, त्यांची पोरं, वरठीहून वर्षाची सासू कौसल्याबाई आणि जावई. पंगत बसली. पानं वाढून झाली. एक एक जण तुझं कौतुक करत होता. वेळ भरली होती, कोणी म्हणालं. चुलतकाकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “बापावर गेला होता देवाजी. परवापावतर जारं विणे. डोरे अगदी बापासारखे, चांगले.”

मी वाढत होते. भाताचं पातेलं मी तिथेच जमिनीवर ठेवलं.

“बाबांचे डोळे चांगले नव्हते,” मी म्हटलं. आवाज माझाच मला मोठा वाटला. “बाबा आंधळे होऊन मेले. दादाला काचबिंदू होता, त्याला पिकअप दिसली नाही म्हणून तो मेला. मला काचबिंदू आहे, माझ्या डाव्या डोळ्याची बाजू गेली. हा रोग आपल्या घरात आहे. इथे जेवायला बसलेल्या रक्ताच्या प्रत्येक माणसानं डोळे दाखवायचे. उद्या मी गाडी सांगितली आहे.”

पंगतीत कोणाचा घास उचलेना. वहिनी पदर तोंडात कोंबून आत पळाली. वर्षा उठून रडत माझ्याजवळ आली. “आत्या, चूप राहा ना! बाबाची इज्जत आज तरी ठेव!” काका म्हणाले, “तेरवीच्या दिवशी मेलेल्या मानसाले बोलते, लाज वाटत नाई?” मला वाटत नव्हती. आजही वाटत नाही.

मग कौसल्याबाई पानावरून उठल्या. जाडजूड बाई, गुडघे धरून सावकाश उठल्या. मला दिसत होतं, वर्षाचा चेहरा उतरला होता. तू ज्या घटकेला घाबरून एवढं सगळं केलंस, ती घटका आली होती, दादा, आणि तू तिथे नव्हतास.

“इवायाले, पोरीच्या बापाले, हे कधीपासून माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“लग्नाच्या आधीपासून,” मी म्हटलं.

“म्हंजे फसवलंच आमाले.” त्या तापल्या होत्या, खोटं सांगत नाही. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. “सोयरीक तोडली असती का मी? तोडलीही असती, कोन जाने. त्यायले तेच भेव होतं ना? पन लग्न झाल्यावर? पोरगी माझ्या घरी आली, माझ्या घरची झाली, तवा तरी सांगाचं होतं. हे पोरगी माझ्या नातवाले गाडीवर बसवून शाळेत नेते. तिले दिसत नसन त मले मालूम नको?” मग त्या वर्षाकडे वळल्या. “अन तू कायले रडते? रोग का तू केला?” आणि मला म्हणाल्या, “उद्या गाडी किती वाजता हाये?”

दुसऱ्या दिवशी गाडीत सगळे आले नाहीत. काका आले नाहीत, त्यांची मोठी पोरं आली नाहीत. त्यांच्या मागे मी लागले आहे, सोडणार नाही. पण वर्षा आली, कौसल्याबाईंच्या शेजारी, खिडकीला डोकं टेकून, माझ्याशी एक शब्द न बोलता. पांढऱ्या वाडग्यासमोर बसली, बटण दाबत राहिली. बाहेर बाकावर मी आणि कौसल्याबाई. त्यांनी पिशवीतून मला चिवडा दिला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे न पाहता खाल्ला.

वर्षाच्या दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला निघाला. पण नजर सगळी आहे, दादा. एकही कड गेलेली नाही. वाडग्यातला एकही दिवा तिने सोडला नाही, खरंच सोडला नाही. बाई म्हणाल्या, अगदी वेळेवर आलात. रोज संध्याकाळी थेंब, दर काही महिन्यांनी तपासणी आणि मोठा झाल्यावर नातवाचीही. एवढं केलं तर ही पोरगी म्हातारपणीही नातवंडांच्या लग्नात गर्दीतून मोकळी फिरेल. हे ऐकलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. दवाखान्याच्या बाकावर, चिवड्याचा हात तसाच. तुझ्यासाठी रडले की तुझ्यावरच्या रागाने रडले, मला माहीत नाही.

त्या पिकअपवाल्याला मी जाऊन भेटले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, तिथे काही जमलं नाही. “तुम्ही खोटं बोलला नाही,” एवढंच म्हटलं. त्याने मान हलवली आणि मला बसायला खुर्ची दिली.

तांबूस काड्यांचा तो चष्मा मशीनच्या खणात आहे. फेकायला काढते आणि परत ठेवते. लावत मात्र नाही. वहिनीने तुझं अर्धवट जाळं खांबावरून सोडून ठेवलं, पुढे विणायचं नाही म्हणाली. माझ्या डोळ्यात रोज संध्याकाळी तुझे जावईबापू, म्हणजे माझे हे, थेंब टाकतात. निम्मे गालावर सांडतात आणि मी ओरडते.

वर्षा आता बोलते माझ्याशी. काल फोनवर होती. म्हणाली, आत्या, थांब, औषधाची वेळ झाली. फोन तसाच चालू राहिला आणि मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. कौसल्याबाई नातवाला बाजूला बसवत होत्या. मग म्हणाल्या, “वर पाहा. हलू नको. डोरे मिटू नको.” मग, “झालं. आता दुसरा.” मग वर्षा काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

जिच्यापासून तू लपवलंस ना दादा, तीच बाई रोज संध्याकाळी तुझ्या पोरीची हनुवटी धरून तिच्या डोळ्यात थेंब टाकते. एवढंच काम होतं. ते कोणीही केलं असतं. वहिनीने केलं असतं, मी केलं असतं, मला सांगितलं असतंस तर साकोलीहून रोज बसने येऊन केलं असतं. तू फक्त मान वर करायची होतीस.